पहिला बँड चुकवू नका: मुंबई-पुण्यात गिगला जायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. नोकरीसाठी नुकताच नांदेडहून पुण्यात आलाय. म्हणाला, "ताई, तू ते बँड बघायला जातेस ना, मला पण यायचंय. पण मला त्यातलं काहीच कळत नाही. चालेल का?"

चालेल. बारा वर्षांपूर्वी मलाही काही कळत नव्हतं. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं, ते इथं लिहून काढते आहे, कारण हाच प्रश्न मला ऑफिसातही विचारतात आणि सोसायटीतली कॉलेजची पोरंही विचारतात. माझी ओळख पुण्या-मुंबईच्या गिगशी, म्हणजे बँडच्या लहान लाइव्ह कार्यक्रमांशी आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच येतील.

आधी दोन शब्द समजून घ्या

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. गाणं स्वतः लिहायचं, स्वतःच्या खिशातून रेकॉर्ड करायचं आणि सिनेमाच्या किंवा मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय लोकांसमोर न्यायचं. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे प्रायोगिक नाटक आहे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे उभं राहिलं, त्याचा आणि याचा पिंड एकच. जागा लहान, पैसा कमी, प्रेक्षक मोजके, आणि समोर जे चाललंय ते याआधी कुणी केलेलं नाही. घरात कुणी सुदर्शनला किंवा पृथ्वीला नाटक बघायला जात असेल, तर तुम्हाला ही हवा नवीन नाही.

दुसरा शब्द 'कव्हर'. याचे दोन अर्थ आहेत आणि नवा माणूस इथं हमखास गोंधळतो. पोस्टरवर 'कव्हर ५००' लिहिलं असेल तर ते आत शिरायचे पैसे. बहुतेक वेळा ते पैसे आत खाण्यापिण्यात वळते होतात, पण नेहमी नाही, म्हणून दारावर विचारून घ्या. आणि 'कव्हर बँड' म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणारा बँड. शनिवारी रात्री बऱ्याच पबमध्ये हेच असतं. त्यात वाईट काही नाही, वाजवणारे हात तयारीचे असतात, पण हा लेख ज्यासाठी आहे ते हे नव्हे. जाहिरातीत 'ओरिजिनल्स' हा शब्द शोधा.

घरी बसून थोडं ऐका, पण फार नको

गिगला जाण्याआधी सगळा इतिहास पाठ करायची गरज नाही. चार-पाच नावं ऐका, त्यातलं एखादं मनात अडकलं की पुरे.

पुण्यातून सुरुवात करायची तर ईझी वाँडरलिंग्ज ऐका. इंग्रजी गाणी, मऊ आवाज, रविवारी सकाळी चहा करताना लावावीत अशी. शब्द नको असतील तर वॉरन मेंडोन्साचं ब्लॅकस्ट्रॅटब्लूज: सगळं बोलणं गिटारवर. "इंग्रजी नको" म्हणणाऱ्यांना मी अभंग रिपोस्ट ऐकवते. संतांचे अभंग, पण मागे ड्रम्स आणि बेस गिटार. माझ्या आईनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हात पुसत बाहेर येऊन विचारलं, "हे कोण म्हणतंय?" त्याहून मोठी पावती मला माहीत नाही.

रॅप आवडत असेल तर मुंबईच्या स्वदेसी या गटाकडे जा. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली असं सगळं एकाच मंचावर चालतं. अमरावतीचा हंड्रेडआरबीएच त्यात वऱ्हाडी ढंगानं मराठी बोलतो, आणि २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर त्यांनी आदिवासी गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन जे गाणं केलं ते शहरभर पोचलं. त्यांच्यातला गुजराती रॅपर एमसी तोडफोड २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याला समोर उभं राहून ऐकलेली माणसं अजून त्याच्याबद्दल वर्तमानकाळात बोलतात.

आणि अंगावर येणारा आवाज हवा असेल तर मुंबईचा भयानक मौत. नाव ऐकून घाबरू नका. मेटलच्या गिगला येणारी माणसं मला सगळ्यात प्रेमळ भेटली आहेत. त्याबद्दल पुढे सांगते.

ही नावं फक्त कान तयार करायला दिली. तुम्ही जाल त्या रात्री यातलं कुणीच वाजवत नसेल. जे वाजवत असतील त्यांची कदाचित दोनच गाणी नेटवर असतील. तीच ऐकून जा. ओळखीचं एक गाणं जरी समोर आलं तरी खोली आपली वाटायला लागते.

गिग कळतो कसा

वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती एका पानावर येतात तसं इथं काही नाही. सगळा कारभार इन्स्टाग्रामवर. माझी पद्धत अशी: बँडपेक्षा जागा फॉलो करायच्या. बँड तीन महिन्यांत एकदा वाजवतो, जागा दर आठवड्याला काहीतरी लावते. मुंबईत अँटीसोशल, महालक्ष्मीचं जी फाइव्ह ए. पुण्यात हाय स्पिरिट्सनं कित्येक वर्षं नव्या बँडना मंच दिला. या जागांचा स्वभाव वेगवेगळा आहे. जी फाइव्ह ए हे नाट्यगृहासारखं आहे, तिथं लोक गप्प बसून ऐकतात. पबमध्ये ऑर्डर देणाऱ्यांचा आवाज राहणारच.

त्यानंतर आवडलेल्या बँडच्या ड्रमरला फॉलो करा. हे कुणी सांगत नाही, पण फार उपयोगाचं आहे. चांगले ड्रमर कमी असतात, त्यामुळे एकेक जण तीन-तीन, चार-चार बँडमध्ये वाजवतो. त्याच्या स्टोऱ्या बघितल्या की अर्ध्या शहराचं वेळापत्रक हाताशी येतं.

तिकिटं बहुतेक करून डिस्ट्रिक्ट, बुकमायशो किंवा स्किलबॉक्सवर मिळतात. त्या ॲपमध्ये 'म्युझिक' उघडलंत की वर मोठ्या स्टेडियमचे कार्यक्रम दिसतात. खाली सरकत राहा. आपला गिग तळाशी असतो, तीन-चारशे रुपयांचा, कुणा मित्रानं काढलेल्या पोस्टरचा.

वय, तिकीट, ओळखपत्र

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५. त्यामुळे जिथं बार आहे तिथल्या बऱ्याच जागा एकवीसच्या खालच्यांना दारातूनच परत पाठवतात. तुम्ही सरबत पिणार असलात तरी. जाहिरातीखाली बारीक अक्षरात वय लिहिलेलं असतं, ते वाचा आणि आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा. माझ्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ नाशिकहून बसनं आला होता, वीस वर्षांचा. दारावरून परत गेला. त्याला रस्त्यावर उभं राहून भिंतीतून येणारा बेस तेवढा ऐकू आला.

वय कमी असेल तर कॉलेजांचे महोत्सव गाठा. सेंट झेवियर्सचा मल्हार ऑगस्टमध्ये असतो, आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो डिसेंबरमध्ये. मूड इंडिगोच्या बँड स्पर्धेत देशभरचे नवे बँड येतात. नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. जी फाइव्ह ए किंवा नाट्यगृहात होणारे गिगही बघत राहा, तिथं वयाची अडचण सहसा येत नाही.

तिकिटाच्या आकड्याबद्दल एक गोष्ट. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, त्यावर गेलं की १८ टक्के. लहान गिगची तिकिटं इतक्या वेळा ४९९ का असतात याचं एक कारण हे असणार. आणि शक्य असेल तर तिकीट आधी काढा, दारावर नको. गुरुवारपर्यंत वीसच तिकिटं गेलेली असली की आयोजक रात्रभर जागा असतो. तुमच्या एका तिकिटानं त्याला साउंडवाल्याला "हो, ये" असं सांगायचं बळ येतं.

वेळ बघा, आणि परतीची गाडी आधी ठरवा

पोस्टरवर आठ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा ती दार उघडायची वेळ असते. पहिला बँड साडेआठ-नऊला उभा राहतो. बंद खोलीत हे असं सैल चालतं. उघड्यावरचा कार्यक्रम मात्र वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर संपतो, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. गणपती-नवरात्रात तुम्ही ते अनुभवलेलं आहेच. रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं.

हा कोरडा नियम वाटेल, पण मुंबईच्या रॉकचा इतिहास त्यानं बदलला. धोबीतलावला रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. १९७८ मध्ये तिथं जॅझ यात्रा सुरू झाली, आणि १९८६ मध्ये सुरू झालेला आय-रॉक वर्षानुवर्षं तिथंच भरायचा. दगडी पायऱ्यांवर बसून पोरांनी इंडस क्रीड ऐकला, तेव्हा त्याचं नाव रॉक मशीन होतं. शेजारी रुग्णालय आणि कॉलेज असल्यानं तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन गप्प झालं. त्यानंतर बँड बंद दारांआड गेले. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली ब्लू फ्रॉग हा क्लब उघडला आणि २०१६ साली बंद झाला; पुण्यात मात्र २०१० साली एनएच सेव्हन वीकेंडर हा उघड्यावरचा संगीत महोत्सव सुरू झाला. मी रंगभवनात एकही गिग पाहिलेला नाही. माझ्या आधीच्या पिढीची माणसं त्या पायऱ्यांबद्दल बोलायला लागली की मी गप्प ऐकते.

तर परतीचं. मुंबईत शेवटची लोकल कुठली ते एम-इंडिकेटर ॲपवर निघण्याआधीच बघून ठेवा, गिग संपल्यावर नाही. पुण्यात अकरानंतर बसचा भरवसा धरू नका. कोरेगाव पार्क-मुंढव्याकडून कोथरूडला रात्री रिक्षा सांगेल ते घेते. मी आणि माझी मैत्रीण सुरुवातीला एकाच दिशेला राहणारं तिसरं कुणीतरी गिगमध्येच शोधायचो. पोरींसाठी खास: एकटं जायला हरकत नाही, मी कित्येकदा गेले आहे. साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभ्या राहा, तिथं कुणी त्रास देत नाही आणि आवाजही तिथंच सगळ्यात चांगला येतो. काही खटकलं तर दारावरच्या माणसाला किंवा आयोजकाला तिथल्या तिथं सांगा.

पहिल्या बँडच्या आधी पोचा

एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

गिगला साधारण दोन किंवा तीन बँड असतात. ज्याचं नाव पोस्टरवर मोठं तो शेवटी. सुरुवातीला एखादा कोवळा बँड येतो, ज्याला ओपनर म्हणतात. त्या वेळी खोलीत वीसएक माणसं असतात, त्यातली निम्मी त्या पोरांचे मित्र आणि एखाद्याचे आईबाबा. बाकीचे बाहेर टपरीवर. "मेन बँड दहाला आहे ना, मग कशाला आत्तापासून?"

मीही असंच करायचे. एका बुधवारी बाहेर गप्पा मारत बसले आणि पहिल्या बँडचा सेट सगळा दाराआडून ऐकला. मधलं एक गाणं असं काही लागलं की मी वाक्य अर्ध्यात सोडलं. आत जाईपर्यंत ते संपलं. नंतर मंचावरून वायरी गुंडाळणाऱ्या पोराला गाठलं.

"दादा, ते तिसरं गाणं कुठलं होतं?"

"त्याला अजून नाव नाही ठेवलं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी ठेवतो."

पुढची वेळ आली नाही. त्यांच्या बेसिस्टला परदेशात प्रवेश मिळाला, ड्रमर बंगळुरूला गेला, बँड मोडला. ते गाणं कधी रेकॉर्ड झालंच नाही. मी इन्स्टाग्रामवर शोधलं, त्या पोराला मेसेज केला, त्याच्याकडेही फोनवरची एक फाटक्या आवाजाची क्लिप होती तेवढीच. त्या रात्री आत असलेल्या वीस माणसांपलीकडे ते गाणं कुठंही नाही. मी दारापासून दहा पावलांवर होते.

नव्या बँडची बहुतेक गाणी अशीच असतात. रेकॉर्डिंगला पैसे लागतात, म्हणून गाणं आधी वर्षभर मंचावर वाढतं. दर गिगला थोडं बदलतं, कडवं कापलं जातं, शेवट लांबतो. ओपनरला ऐकायला जाणं म्हणजे गाणं घडताना बघणं. आणि अगदी व्यवहाराचं बोलायचं तर तिकिटाच्या त्याच पैशात तुम्हाला तासभर जास्त संगीत मिळतं.

लवकर गेलात तर कधी साउंडचेकचा, म्हणजे गिगआधी आवाज जुळवून बघतात त्याचा, शेवटही सापडतो. ड्रमर पायानं एकच पेडल दाबत बसतो, धप्प, धप्प, धप्प, आणि मागे टेबलावरचा माणूस एकेक बटण केसभर फिरवत असतो. मग झांज, मग बेस, मग "चेक, चेक" असा आवाज. दहा मिनिटं हे रटाळ चालतं, आणि मग सगळे मिळून अर्धंच कडवं वाजवून पाहतात. खोलीतले दिवे अजून पांढरे असतात, वेटर खुर्च्या लावत असतो, आणि त्या अर्ध्या कडव्यात अचानक सगळं जुळून येतं. माझ्यासाठी तो क्षण कित्येकदा गिगपेक्षा मोठा असतो.

उभं कुठं राहायचं, आणि कान कसे सांभाळायचे

नवा माणूस सरळ मंचापुढे जातो आणि म्हणतो, "गाण्याचे शब्दच ऐकू येत नाहीत." चूक गायकाची नसते. लहान खोलीत ड्रम्स आणि गिटारच्या ॲम्पचा आवाज थेट तुमच्या छातीवर येतो. गायकाचा आवाज मात्र फक्त दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येतो, आणि ते स्पीकर तुमच्या पुढे किंवा बाजूला, मागच्या लोकांकडे तोंड करून लावलेले असतात. म्हणून अगदी पुढे गाणं बुडतं. कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभे राहिलात तर बेस घुमतो आणि बाकी सगळं गढूळ होतं. साउंडवाला जिथं बसलाय, तिथं त्याला जे ऐकू येतं तेच तो जुळवतो. त्याच्या एक-दोन पावलं पुढे, मध्यावर उभे राहा. त्याच्या आणि मंचाच्या मधे डोकं वर काढून मात्र उभं राहू नका, त्याला मंचावरचे हात दिसायला हवेत.

पुढे जायचंच असेल तर एखाद-दुसऱ्या गाण्यापुरतं जा. गिटारवाल्याची बोटं जवळून बघण्यात जे आहे ते मागे नाही.

आता कान. माझं ऐका, इथं हयगय करू नका. सुरुवातीची तीन वर्षं मी कानात काही घातलं नाही. गिगवरून आल्यावर रात्रभर कानात कुँई वाजायचं आणि मला ते छान वाटायचं, आठवण म्हणून. एकदा ते चार दिवस गेलं नाही. तेव्हा डॉक्टरांकडे गेले आणि नीट समजून घेतलं. ८५ डेसिबलच्या आवाजात माणूस साधारण आठ तास राहू शकतो. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. लहान खोलीत ड्रम्सजवळ १०० सहज होतात, आणि गिग दोन-तीन तास चालतो.

केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात, वडापाव-चहाच्या पैशात. नुसते कानावर ठेवून उपयोग नाही. बोटांत घोळून सुईसारखे बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. आवाज मंद होतो, थोडा जाडसर वाटतो, पण गाणं जात नाही. सवय झाली आणि पुढे जात राहिलात तर संगीतकारांसाठीचे सिलिकॉनचे प्लग घ्या, त्यात वरचे सूर जास्त स्वच्छ राहतात. आणि मधूनमधून दहा मिनिटं बाहेर जाऊन या. लहान मूल सोबत असेल तर प्लग नव्हे, कानावर बसणारे मोठे इअरमफ.

आत गेल्यावर कसं वागायचं

सवाईला जाऊन आलेल्याला दाद द्यायला शिकवावं लागत नाही. जागा वेगळी, माणूस तोच. सूर लागला की "क्या बात है" निघतंच. इथं ओरडलं तरी चालतं. फक्त कुणी गिटार घेऊन एकटा हळू गात असेल, तर ग्लासांचा आवाजसुद्धा जाचतो. बोलायचं असेल तर मागे बारपाशी किंवा बाहेर.

फोनवर एक गाणं रेकॉर्ड करा, हरकत नाही. बँडला टॅग करून टाकलंत तर त्यांना फायदाच आहे. फ्लॅश नको. पूर्ण सेट फोन वर धरून उभे राहू नका, मागचा माणूस तुमच्या स्क्रीनमधून गिग बघतो.

मेटल किंवा पंकच्या गिगला मध्ये एक मोकळी जागा होते आणि माणसं एकमेकांवर आदळायला लागतात. त्याला पिट म्हणतात. बाहेरून मारामारी वाटते. तिथं नियम पक्के आहेत: कुणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबतात आणि दोन हात खाली येऊन त्याला उभं करतात. चष्मा पडला तर जो सापडेल तो हात वर करून धरून ठेवतो. माझा चष्मा एकदा असाच एका सहा फुटी दाढीवाल्याच्या हातात दिव्यासारखा वर दिसला होता. तो पूर्ण गाणं संपेपर्यंत तसाच उभा होता. ज्याला आत जायचं नाही त्यानं कडेला हात पुढे धरून उभं राहावं, कुणी ओढत नाही. ओढलं तर ते चुकीचं आहे आणि तसं सांगायला घाबरू नका.

मंचावर खोळंबा झाला, तार तुटली, माइक बंद पडला, तर शिट्ट्या वाजवू नका. एका गिगला गिटारची तार तुटली तेव्हा ड्रमर आणि बेसिस्ट दोघंच पाच मिनिटं वाजवत राहिले आणि गिटारवाला कडेला मांडी घालून फोनच्या उजेडात तार बदलत होता. त्या पाच मिनिटांवर अजून आमच्या चर्चा होतात.

गिग संपल्यावर पैसे कुठं टाकायचे

दाराजवळ एखादं टेबल असतं. टी-शर्ट, स्टिकर, कधी कॅसेट किंवा सीडी, आणि एक क्यूआर कोड. जमलं तर इथं घ्या.

का ते सांगते. तिकिटाचे पैसे जागा, साउंड, लाइट, इंजिनिअर आणि प्रवास यांत वाटले जातात. उरलेल्यातून चार-पाच जणांचे हिस्से. त्याआधी जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, तासाचं भाडं ते महिनाभर भरत असतात. स्ट्रीमिंगचं तर विचारू नका. एका वेळच्या ऐकण्याचे रुपये नाही, पैसे मोजायचे. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायनं नियम केलाय की आधीच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याला काहीच मिळत नाही. पुण्यातल्या नव्या बँडचं तिसरं-चौथं गाणं इथंच अडकतं. म्हणून आवडलेल्या बँडचं न गाजलेलं गाणं मुद्दाम लावा, शेवटपर्यंत ऐका. बँडकॅम्प या वेबसाइटवर विकत घेतलंत तर गाण्याच्या किमतीतले १५ टक्के ते ठेवतात, वर पैसे पाठवण्याचा खर्च जातो, बाकी बँडला. काही ठराविक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात.

बँडशी बोलायला लाजू नका. वाजवून झाल्यावर ते स्वतःच वायरी गुंडाळत, ड्रम्सच्या पिशव्या उचलत असतात. "छान वाजवलंत" एवढं पुरतं. त्याहून चांगलं म्हणजे नेमकं सांगा: "दुसऱ्या गाण्यात सगळे थांबलात आणि ती एकटी गायली, ते फार आवडलं." असं वाक्य त्यांना वर्षभर पुरतं. फुकट पास मात्र मागू नका. ओळख झाल्यावर तर मुळीच नाही.

आणि मग दुसऱ्यांदा जा

पहिला गिग कदाचित आवडणार नाही. आवाज जास्त वाटेल, गाणी कळणार नाहीत, घरी जायला उशीर होईल. मला पहिल्या तीनमधला एकच आवडला होता. माझा सल्ला असा: महिन्याभरात त्याच जागी पुन्हा जा, बँड कुठलाही असो. वेगवेगळ्या पाच जागी एकेकदा जाण्यापेक्षा एका जागी पाचदा गेलेलं बरं. दुसऱ्या वेळी खांब कुठं आड येतो ते माहीत झालेलं असतं. तिसऱ्या वेळी लक्षात येतं की मागच्या वेळचा ओपनर आज मधला बँड झालाय आणि तेव्हा चाचरत गाणारी मुलगी आता डोळे मिटून गातेय. चौथ्या वेळी कुणीतरी विचारतं, "तू त्या पावसाच्या गिगला होतीस ना?"

मावसभाऊ माझ्याबरोबर गेल्या शुक्रवारी आला होता. आम्ही पावणेआठला पोचलो, दार उघडायच्या आधी. ओपनर म्हणजे तीन पोरं, त्यांचा दुसराच गिग, खोलीत आम्ही धरून चौदा जण. त्यांचं शेवटचं गाणं मराठीत होतं. काल रात्री त्याचा मेसेज आला: त्याच जागी येत्या गुरुवारी काहीतरी आहे, बँडचं नाव आधी कधी ऐकलेलं नाही, दोन तिकिटं काढलीत, साडेसातला दारावर ये.